चौदा मिनिटं

स्कार्वनेस ते टॉर्स्कवोग:
सरळ रेषेत एकेचाळीस किलोमीटर.
उड्डाणाचा वेळ चौदा मिनिटं,
वारा पाठीशी असेल तर बारा,
आणि वाऱ्याच्या मनात नसेल
तर उद्या.

रस्त्यानं विचाराल तर एकशे नऊ.
पण नोव्हेंबरात घाटातलं फाटक खाली येतं
आणि मग रस्ता म्हणजे
नकाशाची एक जुनी सवय.

किती लांब आहे हो, असं विचारतात
पहिल्यांदा आलेले. दातांचा डॉक्टर,
शाळेत बदलीवर आलेली एखादी मुलगी,
पायात शहरातले बूट.
मी म्हणते, कॉफी घेऊन चढू नका.
संपत नाही.

इथं तिकीट मीच बघते,
बॅगांचं वजन मीच करते,
मग पिवळं जाकीट चढवून त्याच बॅगा
विमानापर्यंत मीच ओढत नेते.
बर्फ काढायचं यंत्र सिगमुंड चालवतो,
आगीचा बंबही तोच.
म्हणून आमचं देवाकडे मागणं एवढंच,
की आग आणि बर्फ एका दिवशी नकोत.

विमान सुटलं की मी फोन उचलते.
नियमच आहे तसा.
पलीकडे टॉर्स्कवोगला उचलतो ओडवार.
सख्खा भाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा.
नऊ वर्षं आमचा अबोला आहे,
दिवसातून चार वेळा.

"सुटलं चौदा-शून्य-पाच. माणसं सहा."
"चौदा-शून्य-पाच. सहा."
बस.

भांडण बोटीचं.
बोटीचंही नाही, तिच्याबरोबरच्या कागदाचं,
वर्षाला किती टन कॉड धरायचा त्या हक्काचं.
वडिलांवरची माती बसायच्या आत
त्यानं तो दक्षिणेतल्या एका कंपनीला विकला.
माझा वाटा पाठवला, पै न पै.
मी तो बँकेत तसाच ठेवलाय,
मासा कुजत ठेवावा तसा.
फक्त ह्याला व्याज येतं.

तिसऱ्या हिवाळ्यात अकरा दिवस
फोनवर कुणी मुलगी होती.
मग तो परत आला. आवाज सावकाश,
एकेक आकडा टेबलावर भरला कप ठेवावा तसा.
हृदयाचं काहीतरी, असं विमानातून आलेली नर्स म्हणाली.
मी काही विचारलं नाही.
आकडे तेवढे हळू सांगायला लागले.

परवा विमान सुटलं आणि तिकडे बर्फानं दार लावलं.
वैमानिक घिरट्या घालत होती,
आतली सहा माणसं बहुधा खिडकीतून
पांढऱ्याच्या आत पांढरं बघत असतील.
फोन ठेवायचा असतो. मी ठेवला नाही.
त्यानंही नाही.

छत्तीस मिनिटं.
त्याचा श्वास. त्याची खुर्ची करकरली.
आणि मागे, भिंतीवर असावं,
एक घड्याळ,
दर सातव्या ठोक्याला किंचित लंगडणारं.
ते घड्याळ मी ओळखते.
आमच्या स्वयंपाकघरातलं, आई गेली त्या वर्षी
पडलं होतं, तेव्हापासून लंगडतं.
मला वाटत होतं तेही बोटीबरोबर विकलं गेलं.
म्हणजे कुणीतरी त्याला रोज चावी देतंय.

मग ढगातून दोन दिवे, आमच्याच बाजूला.
"परत आलं," मी म्हटलं. "चौदा-एकेचाळीस."
"सहा?"
"सहा."
तो आकडे पुन्हा म्हणेल म्हणून मी थांबले.
"वारा ईशान्येचा आहे," ओडवार म्हणाला.
"टोपी घाल."
आणि फोन ठेवला.

आज सकाळी सात-चाळीसला सुटलं. माणसं दोन.
त्यानं म्हटलं, सात-चाळीस, दोन.
त्यापुढे काही नाही.

सिगमुंड दारात बूट झटकत उभा होता.
म्हणाला, राग्नफ्रीड,
ऑफिसात हीटर चालू आहे,
मग डोक्यावर टोपी कशाला?